खालच्या पायरीवरचा जीव

उर्दूतला 'इस्फंज' आणि मराठीतला 'स्पंज' हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. ग्रीकांचा शब्द अरबांनी उचलला, अरबीतून तो फारसीत आणि उर्दूत आला. तोच शब्द लॅटिन आणि इंग्रजीच्या वाटेने मराठीत पोहोचला. दोन वाटांनी आलेल्या या शब्दाने आज ज्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्या मात्र बहुतेक कारखान्यातल्या आहेत. बँकेत नोटा मोजणाऱ्याच्या टेबलावरचा ओला तुकडा, पोरांची पाटी पुसायचा तुकडा, भांडी घासायचा हिरवा-पिवळा चौकोन. खरा इस्फंज हा समुद्रात खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे, हे आपण शाळेत एका पानावर वाचतो, परीक्षेत दोन गुण मिळवतो आणि विसरून जातो.

आम्हाला त्या एका पानाविषयीच लिहायचे आहे. प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना सुरुवात रंध्रीय प्राणीसंघापासून, म्हणजे स्पंजांपासून होते, आणि शेवट सस्तन प्राण्यांत, म्हणजे आपल्यापाशी होतो. मधल्या सगळ्या प्राण्यांची जणू एक शिडी उभी केलेली असते. तिच्या वरच्या टोकाला आपण आणि अगदी खालच्या पायरीवर इस्फंज. हा 'खालचा' शब्द आम्हाला खटकतो. खालचा म्हणजे काय? कोणी मोजले आणि कोणत्या मापाने? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण ज्या मापाने आपण एका मुक्या जीवाला खाली बसवतो, त्याच मापाने पुढे माणसेही मोजली जातात, म्हणून या प्रश्नाकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते.

आधी हा जीव कसा आहे ते पाहू. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, रक्त नाही. स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत, मेंदू तर नाहीच. बहुतेक जातींना धड एक ठरलेला आकारही नसतो. अंगभर बारीक बारीक छिद्रे असतात आणि त्या छिद्रांतून आत जाणाऱ्या बोळकंड्या असतात. या बोळकंड्यांच्या आतल्या खोल्यांना ज्या पेशींचे अस्तर असते, त्यांना कॉलर पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक धागा असतो आणि तो सतत हलत असतो. लाखो धाग्यांच्या या हालचालीने बाहेरचे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. पाण्यातले जिवाणू आणि अन्नाचे कण या पेशी टिपून घेतात आणि गाळलेले पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडते. अन्न, प्राणवायू, मलविसर्जन, सगळे व्यवहार या एकाच प्रवाहावर चालतात. काही जातींचे स्पंज दिवसभरात आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी अंगातून काढतात. हा देह उभा राहावा म्हणून आत चुन्याचे किंवा चक्क काचेचे बारीक काटे असतात, काहींत स्पंजिन नावाच्या चिवट तंतूंची जाळी असते. आंघोळीला वापरला जाणारा अस्सल इस्फंज म्हणजे ही जाळीच. जीव मेल्यावर मांस कुजवून, धुऊन काढले की उरतो तो त्याचा सांगाडा.

स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांपासून ते सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही अशा खोलीपर्यंत ते राहतात. खोल समुद्रातल्या मोनोऱ्हाफिस नावाच्या स्पंजाचा काचेचा एकच काटा तीन मीटरपर्यंत लांब असतो आणि अशा एका काट्याचे वय सुमारे अकरा हजार वर्षे असावे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. वंश म्हणून तर स्पंज पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत.

आता शिडीकडे वळू. ती फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात इस्फंजाची बरीच चर्चा केली आहे. पाणबुडे सांगतात की, कोणी आपल्याला उपटायला आले आहे हे कळले की इस्फंज अंग आवळून घेतो आणि निघता निघत नाही, म्हणजे त्याला जाणीव असावी, असे तो लिहितो. आणि लगेच प्रामाणिकपणे हेही नोंदवतो की तोरोने गावच्या लोकांना ही गोष्ट मान्य नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तो इस्फंजाला जवळजवळ वनस्पतीच ठरवतो. जीव आहे, पण धड प्राणी नाही आणि धड झाडही नाही, अशा उंबरठ्यावर त्याने त्याला बसवले.

ॲरिस्टॉटलचे हे ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आले आणि ही पायऱ्यांची कल्पना आपल्याकडच्या विद्वानांनीही स्वीकारली, वाढवली. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त ही साखळी मांडली आहे. खनिजांचे शेवटचे टोक वनस्पतींच्या पहिल्या टोकाला जोडलेले, वनस्पतींचे शेवटचे टोक म्हणजे खजूर आणि द्राक्षवेल, आणि त्याला लागून प्राण्यांची पहिली पायरी म्हणजे गोगलगाय आणि शिंपल्यातले जीव, ज्यांना फक्त स्पर्श कळतो. विचार सुंदर आहे, कारण त्यात कोणीही कोणापासून तुटलेला नाही. पण पायरी म्हटली की वर आणि खाली आलेच.

याच परंपरेत शिडीवर शंका घेणारेही होते, हे विसरता कामा नये. नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या जाहिजने प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात, निर्मात्याची साक्ष जितकी डोंगर देतो तितकीच एक खडाही देतो, अशा अर्थाचे विवेचन आहे. पुढे दहाव्या शतकात त्याच बसऱ्यात इख्वानुस्सफा या नावाने लिहिणाऱ्या मंडळींनी एक विलक्षण खटला रचला. प्राणी जिनांच्या बादशहापुढे माणसांविरुद्ध फिर्याद घेऊन जातात. माणसे म्हणतात, आम्ही मालक आणि हे गुलाम. बादशहा विचारतो, पुरावा काय? मग माणसे आपला सरळ बांधा, आपली अक्कल, आपले हुन्नर पुढे करतात आणि प्राणी एकेक दावा खोडून काढतात. मौलवी इक्राम अली यांनी फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८१० साली याचा उर्दू तर्जुमा केला, त्यामुळे आपल्या अनेक जुन्या घरांत हे किस्से माहीत होते.

इस्फंजाला तर तोंडच नाही. तो बादशहापुढे कसली बाजू मांडणार? तेव्हा त्याचे वकीलपत्र आपणच घेऊ आणि त्याच्याविरुद्धचे तीन दावे तपासून पाहू.

पहिला दावा असा की, हा हलत नाही आणि याला काही कळत नाही.

हा दावा मोडायला माणसाला फार वेळ लागला. १८२५ साली एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट याने जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याच्या तोंडातून कारंज्यासारखा अखंड प्रवाह बाहेर पडताना त्याला दिसला. (याच ग्रँटच्या सहवासात पुढे तरुण डार्विन समुद्री जीव गोळा करायला शिकला.) पुढचा धागा आपल्या मुंबईचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर, हेन्री जॉन कार्टर, मुंबई बेटावरच्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज तपासत होता. १८४८ आणि १८४९ साली त्याने त्यांच्यावर निबंध छापले. मुंबई तेव्हा तळ्यांचे शहर होते. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे आता पत्त्यांत उरली आहेत. जुम्मा मशिदीच्या पोटातले जुने तळे मात्र पाण्यासह टिकून आहे. उन्हाळ्यात तळे आटले की असा स्पंज मरतो, पण मरताना टणक कवचाच्या बारीक बियांसारख्या कणिका मागे ठेवतो. त्या वाळल्या तरी मरत नाहीत. पावसाचे पाणी आले की त्यांतून नवा स्पंज उगवतो. कार्टरच्या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच स्पंजाच्या 'प्राणित्वा'चा उल्लेख आहे. म्हणजे ग्रँटनंतर वीस-बावीस वर्षांनीही हा प्राणी आहे हे सिद्ध करावे लागत होते.

त्यानंतर जे कळत गेले ते आणखी बुचकळ्यात टाकणारे आहे. काचेच्या काट्यांच्या काही स्पंजांत, मज्जातंतू नसतानाही, एका जागी धक्का लागला तर विजेचा संदेश सगळ्या देहात पसरतो आणि पाण्याचा प्रवाह बंद होतो. कॅरिबियन समुद्रातल्या नळीसारख्या स्पंजावर २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा स्पंज अंगातला कचरा चिकट द्रवात गुंडाळून छिद्रांपाशी आणतो आणि हळूहळू आकसून तो झटकून टाकतो. शास्त्रज्ञांनी याला शिंकच म्हटले आहे. ही शिंक चांगली तास-अर्धा तास चालते म्हणून कोणाच्या नजरेत भरली नव्हती, एवढेच. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळावर मोठ्या स्पंजांच्या मागे त्यांच्याच काट्यांच्या वाटा उमटलेल्या आढळल्या. २०२१ साली ते संशोधन छापून आले. म्हणजे हा जागचा हलत नाही हेही पुरते खरे नाही. आपल्या घाईच्या मापाने तो हलत नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ भिंतीवरच्या एका स्पंजाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. आपल्या मज्जापेशी एकमेकींशी बोलताना ज्या प्रथिनांचा उपयोग करतात, त्यांतल्या अनेकांची जनुके या बिनमेंदूच्या जीवात सापडली.

एवढ्यावरून इस्फंजाला दुःख होते, तो विचार करतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. 'याला काही कळत नाही' हे वाक्य उच्चारण्याचा आपला अधिकार किती तोकडा आहे, एवढेच यातून दिसते. बहुतेक वेळा ते वाक्य समोरच्याविषयी नसते. आपण किती वेळ आणि किती बारकाईने पाहिले याविषयी असते.

शिडीलाही एक मोठा तडा गेला आहे. २००८ सालापासून शास्त्रज्ञांत असा वाद आहे की, प्राण्यांच्या वंशवृक्षाची सर्वांत पहिली फांदी स्पंजांची की कंकतधर नावाच्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या पारदर्शक जीवांची. हा वाद आजही मिटलेला नाही. गंमत अशी की कंकतधरांना मज्जातंतू आहेत. त्यांची फांदी पहिली ठरली, तर एक तर मज्जासंस्था दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाली, किंवा स्पंजांच्या पूर्वजांकडे ती होती आणि त्यांनी ती सोडून दिली. मेंदूकडे नेणारी वाट ही एकमेव चढण आहे, हा आपला समज त्याने डळमळतो. वृक्षाच्या फांद्या असतात, पायऱ्या नसतात. आज जिवंत असलेली प्रत्येक फांदी सारखीच जुनी आहे.

दुसरा दावा अधिक खोल आहे. माणूस म्हणतो, मला 'मी' आहे. या गोळ्याला स्वत्व कुठे आहे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लाल रंगाचा एक जिवंत स्पंज घेतला आणि पीठ चाळण्याच्या बारीक रेशमी कापडातून तो पिळून काढला. अक्षरशः वस्त्रगाळ केला. पाण्यात फक्त सुट्या पेशींचा लाल ढग राहिला. कोणताही दुसरा ओळखीचा प्राणी इथे संपला असता. पण या पेशी तळाशी सरपटू लागल्या, एकमेकींना भेटतील तशा चिकटू लागल्या, त्यांचे गोळे झाले, आणि काही दिवसांत त्या गोळ्यांत पुन्हा छिद्रे, बोळकंड्या, कॉलर पेशींच्या खोल्या तयार झाल्या. स्पंज पुन्हा जिवंत उभा होता. एक नव्हे, अनेक.

यातला पहिला 'तो' कुठे गेला? तो मेला आणि नवे जन्मले, की तोच अनेक झाला? आम्ही या प्रश्नापाशी बराच वेळ थांबलो आहोत आणि आम्हाला वाटते की यात चूक स्पंजाची नाही, प्रश्नाची आहे. आपला 'मी' कातडीच्या आत बंद असतो, म्हणून प्रत्येक जीवाचा तसाच असावा असे आपण धरून चालतो. वास्तविक आपल्या स्वतःच्या देहातल्या पेशीही रोज मरतात आणि नव्या येतात, आपण मात्र तेच राहतो. स्पंज जे उघडपणे करतो ते आपण झाकून करतो, इतकाच काय तो फरक.

या प्रयोगाला एक पुरवणी आहे आणि तिच्यापाशी सावध राहिले पाहिजे. पुढील संशोधकांनी दोन वेगळ्या जातींच्या स्पंजांच्या सुट्या पेशी एकत्र मिसळून पाहिल्या. अनेकदा असे झाले की एका जातीच्या पेशी निवडून आपल्याच जातीच्या पेशींना चिकटल्या, लाल लालकडे गेल्या आणि पिवळ्या पिवळ्याकडे. पेशी आपले आणि परके ओळखतात, हे ज्ञान वैद्यकशास्त्राला फार उपयोगी पडले. पण हाच दाखला घेऊन कोणी उद्या म्हणेल की पाहा, निसर्गच सांगतो, ज्याने त्याने आपापल्यात राहावे, वस्त्या वेगळ्या असाव्यात, मिसळणे हेच अनैसर्गिक. असे युक्तिवाद आपण दोन्ही बाजूंकडून ऐकलेले आहेत. दंगलीनंतर घर शोधणाऱ्याला 'तुमच्या लोकांत पाहा' म्हणणाराही ते करतो आणि 'आपल्या माणसांतच बरे' असे म्हणणारा आपला माणूसही करतो.

यावर आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक तर निसर्गात काय घडते यावरून माणसाने काय करावे हे ठरत नाही. निसर्गात पिल्ले खाणारे मासेही आहेत. आणि दुसरे, दाखलाच द्यायचा तर पुरा द्यावा. त्याच स्पंजाच्या देहात परक्या जिवाणूंची प्रचंड वस्ती असते, काही जातींत तर देहाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग जिवाणूंचाच असतो. हे पाहुणे उपरे नाहीत, त्यांच्यावाचून तो जगत नाही. शिवाय ज्या क्षणी तो आपली छिद्रे कायमची मिटून घेईल त्या क्षणी तो मरेल, कारण त्याचे सगळे जगणे बाहेरच्या पाण्यावर आहे. आपले ओळखणे आणि बाहेरच्याला वाट देणे, ही दोन्ही कामे हा बिनमेंदूचा जीव एकाच वेळी करतो.

तिसरा दावा उपयोगाचा आहे. माणूस म्हणतो, असेल सगळे, पण हा जीव आहे तो आमच्या उपयोगासाठी.

उपयोग मोठा आहे हे कबूल केले पाहिजे. १९५०च्या सुमारास वेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाला फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात काही अनोखी संयुगे सापडली. त्यांच्या धर्तीवर सायटाराबिन हे औषध तयार झाले, १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. जपानमधल्या एका काळ्या स्पंजातून १९८६ साली हॅलिकॉन्ड्रिन नावाचे द्रव्य मिळाले. ते कर्करोगावर चालते असे दिसले, पण एक टन स्पंज खरवडून जेमतेम तीनशे मिलिग्रॅम द्रव्य हाती लागे. तेवढ्यासाठी समुद्राचा तळ साफ करावा लागला असता. १९९२ साली हार्वर्डच्या योशितो किशी यांनी तो रेणू प्रयोगशाळेत जोडून दाखवला. त्याच्याच एका भागावरून केलेले एरिब्युलिन हे औषध २०१०पासून स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रियांना मिळू लागले. ते पूर्णपणे प्रयोगशाळेत बनते.

पण उपयोगाच्या मापाची दुसरी बाजूही पाहायला हवी. एजियन समुद्रात कालिम्नोस नावाचे बेट आहे. १९१२पर्यंत ते उस्मानी सल्तनतीत होते. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इस्फंज काढून जगली. हातात जड, चपटा दगड धरून एका श्वासात तळ गाठायचा, जमेल तेवढे कापायचे आणि वर यायचे. १८६०च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा, नळीने हवा पुरवणारा पोशाख आला. पाणबुड्या आता खोल जाऊ शकत होता, तासन्‌तास राहू शकत होता. माल वाढला, व्यापारी खूश झाले. पण वर घाईने येणाऱ्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. कित्येक होड्या उन्हाळ्याअखेर मेलेल्यांची बातमी आणि कमरेपासून लुळे पडलेले तरुण घेऊन परत आल्या. फ्रान्सच्या पॉल बर्टने १८७८ साली या दुखण्याचे कारण सांगितले, आणि हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर यायचे नियम जॉन हॉल्डेनने १९०८ साली दिले. मधली वर्षे गेली ती गेलीच. त्या बेटावर आजही लग्नसमारंभांत एक नाच होतो. त्यात एक नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी, तोल सावरत नाचतो. तो लुळा पाणबुड्या असतो.

युरोपातल्या न्हाणीघरांसाठी जो जीव कापला जात होता तो खालच्या पायरीवरचा होता. मग तो कापायला ज्यांना पाण्यात सोडले, ती माणसे कोणत्या पायरीवर होती? उपयोगाचे माप एकदा हातात घेतले की ते इस्फंजापाशी थांबत नाही. ते पाणबुड्यापर्यंत येते, गटारात उतरणाऱ्या कामगारापर्यंत येते.

शिवाय उपयोग म्हणजे आपलाच उपयोग, हे तरी कोणी ठरवले? उष्ण समुद्रांतले पाणी अन्नद्रव्यांच्या दृष्टीने वाळवंटासारखे असते, तरी तिथे प्रवाळांच्या भिंतींवर जीवांची दाटी असते, हे एक जुने कोडे आहे. २०१३ साली डच संशोधकांनी त्याचा एक उलगडा मांडला. पाण्यात विरघळलेले जे सेंद्रिय द्रव्य बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही, ते स्पंज शोषून घेतात. त्यावर त्यांच्या पेशी भराभर वाढतात आणि तितक्याच भराभर झडतात. हा झडलेला चुरा खेकडे, गोगलगायी, किडे खातात आणि त्यांना मासे खातात. ज्याला आपण खालची पायरी म्हणतो, तिच्यावरच इतरांचे ताट वाढलेले असते.

तीन दावे तपासून झाले. बादशहाने काय निकाल द्यावा?

कोणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते इस्फंज आणि माणसाचे मूल सारखेच? आम्ही तसे म्हणत नाही. एखाद्या आईचा जीव वाचणार असेल तर स्पंज कापावा लागला तरी कापावा, त्यात आम्हाला क्षणभरही शंका नाही. ज्याला वेदना होते त्याच्याविषयी आपले कर्तव्य मोठे, ज्याला आपण जबाबदार आहोत त्याच्याविषयी त्याहून मोठे. कर्तव्याला पायऱ्या असतात, त्या असाव्यातच. पण गरज पडली म्हणून घेणे वेगळे आणि तो तुच्छच आहे म्हणून ओरबाडणे वेगळे. पहिल्यात घेणारा हिशेब ठेवतो, पुरे झाले की थांबतो, दुसरा मार्ग शोधतो, किशींनी शोधला तसा. दुसऱ्यात थांबायचे कारणच उरत नाही. समोरचा जीव कोणत्या प्रतीचा आहे, यापेक्षा घेणारा कोणत्या वृत्तीने हात घालतो, हा नीतीचा खरा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

हा फरक आपल्या घरांत रोज कसोटीला लागतो. 'त्याला काय कळते?' हे वाक्य आपण किती सहज बोलतो ते पाहावे. अर्धांगाने खाटेला खिळलेल्या, माणसे न ओळखणाऱ्या वृद्ध आजीसमोर तिच्या औषधपाण्याचा खर्च मोठ्याने मोजला जातो, कारण तिला आता काय कळते. मतिमंद मुलाला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवले जाते, कारण त्याला काय कळते. घरकाम करणाऱ्या पोरीदेखत तिच्याविषयी बोलले जाते. लग्नाची बोलणी निघाली की एकाच सफेत, खांद्याला खांदा लावून नमाज पढणारी माणसे एकमेकांची बिरादरी विचारतात, आणि कोणी पिंजारी, कोणी खाटीक म्हणून आपोआप एक पायरी खाली जातो. प्रत्येक ठिकाणी माप वेगळे आहे. कुठे जाणीव, कुठे अक्कल, कुठे उपयोग, कुठे खानदान. पण मापाची पट्टी नेहमी वर बसलेल्याच्याच हातात असते, आणि ती अशी आखलेली असते की तो स्वतः सर्वांत वर निघावा.

ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, मेंदू नाही, चेहरा नाही, आवाज नाही, कूळ नाही, अशा एका जीवाला डोळ्यांपुढे ठेवून ही सगळी मापे तपासता येतात, म्हणून आम्ही इस्फंजाविषयी एवढे लिहिले. आपल्यासारखा नाही आणि आपल्याला उत्तर देऊ शकत नाही, अशा जीवाविषयी ज्याला सबुरी बाळगता येते, त्याला त्या खाटेवरच्या आजीशीही नीट वागता येईल. आणि ज्याला आजीच्या देखत खर्च मोजताना संकोच वाटत नाही, त्याने स्वतःला कितीही वरच्या पायरीवर बसवले, तरी त्याचा दावा बादशहापुढे टिकणार नाही. समुद्रातल्या इस्फंजाला आपल्या निकालाशी काही देणेघेणे नाही. तो पाणी आत घेतो आहे, गाळतो आहे, बाहेर सोडतो आहे. निकालाची गरज आपल्याला आहे.